दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचा माग : 'एमएसएच-२' ओळखणारे प्रतिपिंड

अमेरिकेतील अॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री १८९५ साली फार उदास दिसत होती. कारण विचारले तेव्हा तिने सांगितले, की आपल्या घरातील बहुतेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आहेत आणि आपणही तशाच जाणार. पुढे झालेही तसेच. ती स्त्री तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ जमवली आणि १९१३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या इतिहासात हे घराणे 'फॅमिली जी' या नावाने ओळखले जाते.

त्या स्त्रीचे भाकीत खरे का ठरले, याचे नेमके उत्तर मिळायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. 'एमएसएच-२' या जनुकातील केवळ एका रासायनिक अक्षराचा बदल त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला होता. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा बाळगते, त्याचे काम डीएनएची नक्कल होताना राहून गेलेल्या चुका हेरण्याचे. ते प्रथिन एखाद्या पेशीत आहे की नाही, हे पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा एक साधन वापरतात. ते म्हणजे या प्रथिनालाच नेमके चिकटणारे प्रतिपिंड, अर्थात अँटिबॉडी.

हाताच्या करंगळीएवढ्या कुपीत मावणारे हे द्रावण सामान्य वाचकाच्या दृष्टीला कधीच पडत नाही. मात्र त्याने दिलेल्या उत्तरावर संशोधनाचे निष्कर्ष, कर्करोगाच्या उपचारांची दिशा आणि कधी कधी एका संपूर्ण कुटुंबाच्या तपासण्या अवलंबून असतात. म्हणूनच हे साधन काय आहे, ते कसे तयार होते आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चुका हेरणारे प्रथिन

माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षर-जोड्यांची पोथी असते. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या साऱ्या पोथीची नक्कल करावी लागते. ए, टी, जी आणि सी ही या लिपीतील चार अक्षरे. एसमोर टी आणि जीसमोर सी ही त्यांची ठरलेली जोडी. नक्कल करणारी विकरे अतिशय काटेकोर असतात आणि केलेली चूक बऱ्याचदा जागच्या जागी सुधारतात. तरीही साधारण एक कोटी अक्षरांमागे एखादी चूक शिल्लक राहतेच. सहा अब्ज अक्षरांच्या हिशेबाने पाहिले, तर प्रत्येक विभाजनात अशा शेकडो चुका पुढच्या पिढीतील पेशींकडे गेल्या असत्या.

तसे होत नाही, कारण नक्कल झाल्यावर आणखी एक फेरतपासणी होते. तिला 'विजोड जोड्यांची दुरुस्ती' असे म्हणता येईल. एमएसएच-२ हे प्रथिन आपला जोडीदार एमएसएच-६ याच्यासह डीएनएच्या धाग्यावर फिरते आणि चुकीची जोडी जमली असेल तेथे थबकते. मग एमएलएच-१ आणि पीएमएस-२ या प्रथिनांची दुसरी जोडी मदतीला येते. नव्याने तयार झालेल्या धाग्यातील चुकीचा भाग कापून काढला जातो आणि तेथे योग्य अक्षरे भरली जातात. या फेरतपासणीमुळे नकलेतील चुका शंभर ते हजार पटींनी कमी होतात.

ही यंत्रणा बंद पडली, तर पेशी लगेच मरत नाही. ती जगते, वाढते, पण प्रत्येक विभाजनागणिक चुका साठवत जाते. विशेषतः डीएनएमध्ये जेथे एकच अक्षर किंवा अक्षरांचा छोटा गट पुनःपुन्हा येतो, तेथे नक्कल करणारे विकर घसरते आणि त्या भागाची लांबी बदलते. या लक्षणाला 'मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता' म्हणतात. साठत गेलेल्या चुकांपैकी एखादी पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात झाली, की कर्करोगाचा मार्ग मोकळा होतो.

जिवाणूपासून माणसापर्यंत

या दुरुस्तीची बरीचशी माहिती प्रथम मिळाली ती ई. कोलाय या जिवाणूत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे पॉल मॉड्रिच यांनी जिवाणूतील ही सारी प्रक्रिया १९८९ साली शुद्ध केलेल्या प्रथिनांच्या साहाय्याने परीक्षानळीत घडवून दाखवली. जिवाणूतील चूक हेरणाऱ्या प्रथिनाचे नाव 'म्यूटएस'. त्याच्याशी साधर्म्य असलेली प्रथिने यीस्टमध्ये आणि नंतर माणसात सापडली. 'एमएसएच' हे नाव 'म्यूटएसशी साधर्म्य असलेले' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच आले आहे. डीएनए दुरुस्तीच्या संशोधनाबद्दल मॉड्रिच यांना टोमास लिंडाल आणि अझीझ संजार यांच्यासह २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरीकडे, आनुवंशिक कर्करोगाचा धागा ओमाहा येथील डॉ. हेन्री लिंच यांनी हाती धरला होता. आपल्या घरातील सारेच कर्करोगाने मरतात, तसे आपणही मरणार, असे सांगणारा एक रुग्ण त्यांना १९६२ साली भेटला. वॉर्थिन यांच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचेच जणू ते शब्द. लिंच यांनी १९६६ साली अशा दोन मोठ्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे 'फॅमिली जी'चाही पाठपुरावा केला. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, ही कल्पना त्या काळी फारशी कोणी मानत नव्हते. आज या विकाराला 'लिंच सिंड्रोम' असेच नाव आहे. डॉ. लिंच यांचे २०१९ साली निधन झाले.

हे दोन धागे एकत्र आले डिसेंबर १९९३ मध्ये. रिचर्ड फिशेल आणि रिचर्ड कोलोडनर यांचा गट, तसेच बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकारी यांचा गट, अशा दोन गटांनी मानवी एमएसएच-२ जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असल्याचे आणि आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचे 'सेल' या नियतकालिकात जाहीर केले. पुढच्याच वर्षी एमएलएच-१ जनुक सापडले. 'फॅमिली जी'मध्ये एमएसएच-२ जनुकाच्या चौथ्या खंडाच्या तोंडाशी 'टी'ऐवजी 'जी' आल्याचे निश्चित झाले. त्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या ९२९ वंशजांचा आढावा घेणारा लेख २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

प्रतिपिंड कसे तयार होते?

जनुक सापडले, तरी जनुक म्हणजे आराखडा. आराखड्यानुसार प्रथिन तयार होते आहे का, किती होते, कोणत्या पेशीत होते, हे पाहायचे तर प्रथिनच शोधावे लागते. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती एकमेकांपासून वेगळी दिसत नाहीत. तेथे प्रतिपिंड उपयोगी पडते.

प्रतिपिंडे ही मुळात शरीराच्या संरक्षणदलातील प्रथिने. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या या रेणूची दोन टोके एखाद्या परक्या रेणूच्या विशिष्ट भागावर कुलपात किल्ली बसावी तशी बसतात. हाच गुण संशोधकांनी हेरला. मानवी एमएसएच-२ प्रथिनाचा तुकडा उंदराला टोचला, की उंदराचे शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मात्र उंदराच्या रक्तातील प्रतिपिंडे ही अनेक पेशींनी केलेली सरमिसळ असते. त्यातील काही नेमकी असतात, तर काही भलत्याच प्रथिनांनाही चिकटतात. शिवाय तो उंदीर मेला, की पुरवठाही संपतो.

या अडचणीवरील तोडगा केंब्रिज येथील सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ साली काढला. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड तयार करणारी पेशी त्यांनी मायलोमा या कर्करोगाच्या पेशीशी संयोग पावेल असे केले. पहिल्या पेशीकडून नेमके प्रतिपिंड बनवण्याची कला आली आणि दुसरीकडून अखंड वाढत राहण्याचा गुण. या संकरित पेशीला 'हायब्रिडोमा' म्हणतात. अशा एकाच पेशीपासून वाढवलेली सारी प्रजा एकसारखेच प्रतिपिंड देते. म्हणून त्याला 'मोनोक्लोनल', म्हणजे एका कुळीचे प्रतिपिंड म्हणतात. या कामगिरीबद्दल दोघांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी एमएसएच-२ प्रथिन ९३४ अमिनो आम्लांचे आहे. एवढ्या लांब साखळीपैकी प्रतिपिंड केवळ काही अमिनो आम्लांचा छोटासा भाग ओळखते. तो भाग कोणता, याला फार महत्त्व आहे. 'एफई-११' या नावाने ओळखले जाणारे उंदरापासूनचे मोनोक्लोनल प्रतिपिंड या प्रथिनाच्या शेपटाकडील भागापासून तयार करण्यात आले. जनुकातील बिघाडामुळे प्रथिन मध्येच तुटले आणि शेपूट तयारच झाले नाही, तर असे प्रतिपिंड ते 'नाही' म्हणून सांगेल. प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागाला चिकटणारे प्रतिपिंड मात्र तुटका तुकडाही पकडू शकेल आणि तो शाबूत प्रथिनासारखा भासू शकेल. एकाच प्रथिनासाठीची दोन प्रतिपिंडे दोन वेगळी उत्तरे देतात, त्यामागे असे कारण असू शकते.

पट्टी उमटते किंवा उमटत नाही

संशोधन प्रयोगशाळेत या प्रतिपिंडाचा पहिला उपयोग होतो तो 'वेस्टर्न ब्लॉट' या पद्धतीत. पेशी फोडून त्यांतील सारी प्रथिने एका जेलमधून विजेच्या दाबाने पुढे ढकलली जातात. लहान प्रथिने झपाट्याने पुढे सरकतात, मोठी मागे रेंगाळतात. अशा रीतीने आकारमानानुसार वेगळी झालेली प्रथिने कागदासारख्या पातळ पटलावर उतरवून घेतात आणि ते पटल प्रतिपिंडाच्या द्रावणात ठेवतात. प्रतिपिंड जेथे चिकटले, तेथे पट्टी उमटते. एमएसएच-२चे वस्तुमान सुमारे १०५ किलोडाल्टन असल्याने पट्टी त्याच जागी यायला हवी. ती भलत्याच ठिकाणी आली किंवा चार-पाच पट्ट्या आल्या, तर प्रतिपिंडाविषयी शंका घ्यावी लागते.

पट्टी योग्य जागी उमटली, तरी ती एमएसएच-२चीच आहे, हे कशावरून? त्याच आकारमानाची इतरही प्रथिने पेशीत असतात. यावरील उत्तर सोपे आणि सुंदर आहे. ज्या पेशींत हे प्रथिन मुळीच नाही, अशा पेशींवर तेच प्रतिपिंड वापरून पाहायचे. आतड्याच्या कर्करोगापासून वाढवलेल्या 'लोव्हो' नावाच्या पेशीकुळात एमएसएच-२ जनुकाचा मोठा भाग गळालेला आहे. तेथे पट्टी उमटता कामा नये. 'हेला' पेशींत ती उमटली पाहिजे. 'एचसीटी-११६' या तिसऱ्या पेशीकुळात एमएलएच-१ नाही, पण एमएसएच-२ शाबूत आहे. म्हणून तेथेही पट्टी दिसायला हवी. या तिन्ही ठिकाणी अपेक्षेप्रमाणे उत्तर आले, तर प्रतिपिंडावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

अशी प्रमाणित पेशीकुळे जपून संशोधकांना पुरवणे हेही विज्ञानातील एक मोलाचे काम आहे. आपल्या देशात पुण्याच्या गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे पेशींचे राष्ट्रीय भांडार म्हणून ते काम करते.

तपकिरी केंद्रक, निळे केंद्रक

दुसरा आणि रुग्णाच्या अधिक जवळचा उपयोग म्हणजे 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री'. शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांत जखडलेली असतात. ती मोकळी व्हावीत म्हणून काप विशिष्ट द्रावणात तापवतात. त्यानंतर एमएसएच-२चे प्रतिपिंड टाकले जाते. त्याला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड आपल्यासोबत एक विकर घेऊन येते आणि ते विकर रंगद्रव्यावर क्रिया करून तपकिरी रंग आणते. उरलेली केंद्रके निळ्या रंगाने रंगवतात.

डीएनए पेशीच्या केंद्रकात असल्याने एमएसएच-२ही तेथेच आढळते. गाठीतील पेशींची केंद्रके तपकिरी दिसली, तर प्रथिन आहे. ती निळीच राहिली, तर प्रथिन हरवले आहे. मात्र 'हरवले' असे म्हणण्यापूर्वी विकृतिशास्त्रज्ञ त्याच काचपट्टीवरील निरोगी पेशी पाहतात. गाठीच्या आसपासच्या लिम्फोसाइट आणि आधार देणाऱ्या ऊतीतील पेशी तपकिरी झाल्या असतील, तरच गाठीचा निळा रंग खरा मानायचा. सारेच निळे असेल, तर दोष गाठीचा नसून चाचणीचा असतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पोहोचायला उशीर झाला, तापवणे कमी पडले किंवा प्रतिपिंड जुने झाले, तर असे घडू शकते. या एका नियमाने अनेक चुकीचे अहवाल टळतात.

प्रत्यक्षात चारही प्रथिनांची चाचणी एकत्र केली जाते, कारण ती जोडीने राहतात. एमएसएच-२ नसेल, तर त्याचा जोडीदार एमएसएच-६ टिकत नाही आणि दोन्ही हरवलेली दिसतात. एमएसएच-६मध्येच दोष असेल, तर मात्र एमएसएच-२ शाबूत राहते. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ यांचेही तसेच. एमएलएच-१ गेले की पीएमएस-२ जाते, पण पीएमएस-२ एकटे जाऊ शकते. त्यामुळे कोणते प्रथिन गायब आहे, हे पाहून कोणत्या जनुकाची तपासणी करावी याची दिशा मिळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रथिन हरवले म्हणजे आनुवंशिक विकार ठरलाच, असे नाही. एमएलएच-१ अनेकदा वाढत्या वयात, त्या जनुकावर रासायनिक कुलूप पडल्याने बंद होते आणि त्याचा घराण्याशी संबंध नसतो. एमएसएच-२च्या बाबतीत आनुवंशिक कारणाची शक्यता बरीच अधिक असते. पण तेथेही दोष नेहमी एमएसएच-२मध्येच सापडतो असे नाही. त्याच्या शेजारच्या 'एपकॅम' जनुकाचा शेवटचा भाग गळाल्यानेही एमएसएच-२ मूक होते, हे २००९ साली स्पष्ट झाले. म्हणून प्रतिपिंडाची चाचणी ही पहिली पायरी असून, अंतिम निर्णय जनुकाच्या तपासणीनंतरच होतो.

याउलट, तपकिरी रंग दिसला म्हणजे सारे काही आलबेल, असेही म्हणता येत नाही. प्रतिपिंड प्रथिनाची हजेरी घेते, त्याचे काम तपासत नाही. जनुकातील एखाद्या बदलाने प्रथिन तयार होते, पण चूक हेरण्यास असमर्थ ठरते. अशा वेळी काचपट्टी नेहमीसारखीच दिसते. म्हणून घराण्याचा इतिहास बोलका असेल, तर डॉक्टर मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेची चाचणीही करून घेतात.

कुपीवरील नावावर विसंबावे काय?

गेल्या काही वर्षांत संशोधनातील प्रतिपिंडांच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. बाजारात लाखो प्रतिपिंडे विक्रीस आहेत. कुपीवर ज्या प्रथिनाचे नाव असते, त्यालाच ते प्रतिपिंड चिकटते, असे गृहीत धरले जात असे. स्वीडनमधील 'ह्यूमन प्रोटीन अॅटलस' या प्रकल्पाच्या संशोधकांनी २००८ साली हजारो व्यावसायिक प्रतिपिंडांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्मीच कसाला उतरली. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्यूकथुन यांनी शंभराहून अधिक सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने २०१५ साली 'नेचर'मध्ये लिहिलेल्या लेखात सदोष प्रतिपिंडांमुळे संशोधनाचा किती पैसा वाया जातो, याकडे लक्ष वेधले.

कॅनडातील 'वायकॅरोस' या उपक्रमाने २०२३ साली प्रसिद्ध केलेला अहवाल अधिकच डोळे उघडणारा होता. मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीची ६१४ प्रतिपिंडे त्यांनी तपासली. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंधांत असे प्रतिपिंड वापरले गेले होते, की जे आपले लक्ष्य ओळखतच नव्हते. यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. बहुतेक वेळा आधीच्या निबंधात वापरले म्हणून आपणही वापरले, एवढेच कारण असते. पण चुकीच्या पायावर पुढच्या इमारती उभ्या राहतात आणि विद्यार्थ्यांची वर्षे खर्ची पडतात.

यावर उपाय म्हणून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली प्रतिपिंड पारखण्याचे पाच मार्ग सुचवले. जनुक काढून टाकलेल्या पेशीत पट्टी नाहीशी होते का, हे पाहणे हा त्यांतील सर्वांत खणखणीत मार्ग. प्रतिपिंडाविना चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीशी उत्तर ताडून पाहणे, एकाच प्रथिनाचे वेगळे भाग ओळखणाऱ्या दोन प्रतिपिंडांची तुलना करणे, प्रथिनाला ओळखीची खूण जोडून पडताळणे आणि प्रतिपिंडाने पकडलेले प्रथिन वस्तुमानमापकाने ओळखणे, हे इतर चार. शिवाय शोधनिबंधात केवळ कंपनीचे नाव न देता क्लोनचे नाव, उत्पादन क्रमांक आणि वापरलेले प्रमाण नोंदवावे, असा आग्रह नियतकालिके धरू लागली आहेत.

या कसोट्यांवर एमएसएच-२ची प्रतिपिंडे तुलनेने भाग्यवान ठरतात. हे प्रथिन मुळीच नसलेली पेशीकुळे निसर्गतःच उपलब्ध आहेत, जोडीदार प्रथिनाची साक्ष काढता येते आणि जनुकाची तपासणी करून उत्तर पडताळता येते. तरीही प्रत्येक नव्या कुपीची, निदान प्रत्येक नव्या खेपेची तपासणी करणे काळजीपूर्वक चालणारी प्रयोगशाळा टाळत नाही. प्रतिपिंड हेही प्रथिनच. ते वारंवार गोठवले आणि वितळवले, तर निकामी होते.

'फक्त संशोधनासाठी'

अशा बहुतेक कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी. निदानासाठी नाही' अशी सूचना छापलेली असते. ती केवळ कायद्याची औपचारिकता नव्हे. संशोधक एखादा प्रयोग पुन्हा करू शकतो. रुग्णाच्या अहवालावर मात्र त्याच्या शस्त्रक्रियेचा, औषधाचा आणि मुलाबाळांच्या तपासणीचा निर्णय होतो. म्हणून निदानासाठीच्या प्रतिपिंडाला ठरलेले प्रमाण, ठरलेले यंत्र, ठरलेली वेळ आणि मोठ्या संख्येने नमुन्यांवर घेतलेली परीक्षा यांतून जावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली या चार प्रथिनांसाठीच्या प्रतिपिंडांचा एक संच आतड्याच्या कर्करोगातील वापरासाठी मान्य केला. त्यातील एमएसएच-२साठीचा 'जी-२१९-११२९' हा क्लोन संशोधकांच्या परिचयाचाच होता. संशोधनातील साधन पारखून घेतले, की ते रुग्णाच्या कामी कसे येते, याचे हे उदाहरण.

रुग्ण आणि नातेवाईक

लिंच सिंड्रोम दुर्मिळ नाही. साधारण तीनशे माणसांमागे एकात या चार जनुकांपैकी एकात आनुवंशिक दोष असावा, असा अंदाज आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन टक्के त्यामुळे होतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, धोका दोघांनाही. एमएसएच-२मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना आतड्याइतकीच गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची भीती असते. पण दोष वेळीच कळला, तर ठराविक काळाने कोलोनोस्कोपी करून गाठ कर्करोगात बदलण्यापूर्वीच काढता येते. म्हणूनच आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची या दृष्टीने तपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकेत २००९ साली, तर ब्रिटनमध्ये २०१७ साली करण्यात आली.

उपचारांच्या दृष्टीनेही या चाचणीचे महत्त्व वाढले आहे. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत असंख्य बदललेली प्रथिने तयार होतात आणि ती शरीराच्या संरक्षणदलाला परकी वाटतात. त्या दलावरील लगाम सैल करणारी औषधे अशा गाठींवर विशेष गुणकारी ठरतात. 'पेम्ब्रोलिझुमॅब' या औषधाला अमेरिकेत मे २०१७ मध्ये या दोषाच्या गाठींसाठी, मग ती शरीरात कोठेही असो, मान्यता मिळाली. कर्करोगाचे अवयव न पाहता लक्षण पाहून मान्यता देण्याची ती पहिलीच वेळ. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या, 'डोस्टार्लिमॅब'चे उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी सर्वांची गाठ शस्त्रक्रिया व किरणोपचारांविना दिसेनाशी झाली. यातील योगायोग असा, की ही औषधेही मोनोक्लोनल प्रतिपिंडेच आहेत. एका प्रतिपिंडाने दोष ओळखायचा आणि दुसऱ्याने उपचार करायचे, असे हे नाते आहे.

आपल्याकडे घरातील कर्करोगाविषयी उघड बोलण्याचा संकोच असतो. मुलीच्या लग्नाची काळजी, लोक काय म्हणतील ही धास्ती, यामुळे आजी, आत्या किंवा मामा कशाने गेले, हे पुढच्या पिढीला कळतही नाही. वास्तविक तीच माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी हवी असते. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेली व्यक्ती घरात असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना असे कर्करोग झाले असतील किंवा एकाच व्यक्तीला दोनदा झाला असेल, तर कर्करोगतज्ज्ञांशी त्याविषयी बोलावे. गाठीचा मेणाचा ठोकळा रुग्णालयात जपून ठेवलेला असतो. त्यावर ही चाचणी नंतरही करता येते. अहवालात 'प्रथिन आढळले नाही' असे आले, तर घाबरून न जाता आनुवंशिक समुपदेशकाकडे जाऊन पुढच्या तपासण्या कराव्यात.

अॅन आर्बरच्या त्या स्त्रीने आपल्या घराण्याचे दुखणे अचूक ओळखले होते. तिच्याकडे होते ते केवळ घरातील मृत्यूंचे स्मरण. आज त्याच स्मरणाला एका कुपीतील प्रतिपिंडाची आणि जनुकाच्या तपासणीची जोड मिळाली आहे. मात्र प्रतिपिंड पारखून घेतलेले हवे आणि घरातील माणसांनी आपला इतिहास सांगायला हवा. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली, तर दुसरीचा उपयोग होत नाही.

दृष्टिक्षेपात

* प्रथिन : एमएसएच-२, ९३४ अमिनो आम्ले, वस्तुमान सुमारे १०५ किलोडाल्टन.
* जनुकाचे स्थान : दुसरे गुणसूत्र. शोध १९९३.
* काम : डीएनएच्या नकलेतील विजोड जोड्या हेरणे. जोडीदार : एमएसएच-६.
* पेशीतील जागा : केंद्रक.
* प्रतिपिंडाचे उपयोग : वेस्टर्न ब्लॉट, ऊतीच्या कापांवरील चाचणी.
* पारख : 'लोव्हो' पेशींत पट्टी उमटू नये, 'हेला' आणि 'एचसीटी-११६' पेशींत उमटावी.
* मर्यादा : प्रथिनाची हजेरी कळते, कार्यक्षमता कळत नाही. अंतिम निदान जनुकाच्या तपासणीनेच.